दोनशे पावलांसाठी काढलेला पंप

इंजिन माझ्या घरी आलं ते गेल्या दिवाळीनंतर, एका रविवारी सकाळी साडेनऊला, टेंपोतून. चौघांनी मिळून ते पुढच्या खोलीत लाकडी घोडीवर ठेवलं. शुक्रवार पेठेतलं माझं घर दोन खोल्यांचं. त्या दिवसापासून इंजिन मालक झालं आणि आम्ही नवरा-बायको भाडेकरू. बायको म्हणायची, "पाव्हणं आलं की आधी इंजिनाच्या पाया पडत्यात, मग माज्याकडं बघत्यात."

इंजिन पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांचं. त्यांच्या आजोबांनी घेतलेली परदेशी गाडी, कापडी टप मागे दुमडला की उघडी होणारी. कित्येक वर्षं गोठ्यात पडून होती. पिस्टन सिलेंडरला गंजून चिकटले होते. मी फौजेत बावीस वर्षं व्हेइकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. डॉक्टरांनी विचारलं, मी हो म्हटलं. घरी बसून नुसतं पेपर वाचणं मला जमत नाही.

कामाची वेळ सकाळी सात ते दहा. सिलेंडरमध्ये डिझेल ओतून ठेवलं. बाराव्या दिवशी पिस्टन हलले. व्हॉल्व्ह हाताने घासले, रिंगा बदलल्या, कार्बोरेटर उकळून साफ केला. आठ महिन्यांत इंजिन बांधून झालं. राहिला फक्त पेट्रोल पंप. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला देणारा हा भाग वाटीएवढा असतो. त्याच्या आतला पडदा फाटला होता आणि तसा पडदा कुठेच मिळेना.

एका सकाळी डॉक्टर रुमालात गुंडाळलेला पंप घेऊन आले. चांगला, चालू पंप.

"कुठून आणलात?"

"बार्शीच्या मित्राकडे अशीच गाडी आहे. तिचा काढला. बसवून टाका की. रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात फिरवतो, सोमवारी त्याचा त्याला. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मित्राला सांगितलंय?"

"सांगू की. तो कुठं रोज चालवतोय?"

"आधी सांगा, मग आणा," मी म्हणालो. आवाज इतका चढला की बायको आतून बाहेर आली. डॉक्टर भला माणूस. कसनुसं हसले, पंप उचलून गेले. एवढं चिडायला काय झालं, असं त्यांनी जाताना विचारलं. मला सांगता आलं नाही.

आता सांगतो.

पोस्टिंग लडाखमध्ये होतं, चौदा हजार फुटांवर. मी तेव्हा नाईक. सीओ साहेबांची, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांची, बदली झाली. सीओ जातात तेव्हा त्यांना उघड्या गाडीत उभं करतात, गाडीला दोर बांधतात आणि पलटण ती ओढत गेटपर्यंत नेते, अशी रीत आहे. आमच्याकडे एक जुनी जोंगा होती, फौजेतली मोठी जीप. तिचा टप काढला, रंग दिला, कागदी फुलं लावली. आदल्या दिवशी रिहर्सलला ती सुभेदार मेजर साहेबांसमोर दोनदा बंद पडली. पंप कमजोर होता. स्टोअरमध्ये नवा नव्हता.

शेजारीच वन टन ॲम्ब्युलन्स उभी होती. दोघींचं इंजिन एकच. मी तिचा पंप काढून जोंगाला लावला, जोंगाचा कमजोर पंप तिला लावला. पंधरा मिनिटांचं काम. मला कुणी ऑर्डर दिली नव्हती आणि मी कुणाला सांगितलं नाही. स्वतःशी म्हणालो, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी १६०० वाजता निरोप झाला. जोंगा गॅरेजपासून मेसपर्यंत स्वतःच्या इंजिनावर गेली, फार तर दोनशे पावलं. पुढे तिला दोरानेच ओढायचं होतं. ही रीत मी आधी तीनदा पाहिली होती. गॅरेजपासून मेसपर्यंत ती ढकलतही नेता आली असती. पण साहेबांनी इंजिनाचा आवाज ऐकावा आणि माझ्याकडे बघून मान हलवावी, एवढी मला हौस होती. त्यांनी मान हलवली. मी खूश झालो.

दोर ओढणाऱ्यांत लान्स नाईक महादेव होता. माळशिरस तालुक्यातला, माझ्याच जिल्ह्यातला, म्हणून फौजेच्या भाषेत माझा गाववाला. रजेवरून परतून चारच दिवस झाले होते. येताना माझ्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन आला होता. रजेवरून आलेल्याने त्या उंचीवर जपून राहायचं असतं. महादेव कुठला ऐकतोय! खोकत होता, तरी दोर सोडला नाही.

संध्याकाळी बडा खाना, सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण होतं. पंप सकाळी बदलू म्हणून मी जेवायला गेलो.

सकाळी ०६२० ला मी हातात चहाचा मग घेऊन लंगरच्या बाहेर उभा होतो. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स सुरू झाल्याचा आवाज आला. एक जण ओरडला, "महादेवला खाली नेतायत. फुप्फुसात पाणी झालंय." अशा पेशंटला औषध एकच, लवकरात लवकर खाली नेणं. ॲम्ब्युलन्स माझ्यासमोरून गेटकडे गेली. मी हात वर केला असता, तर ती थांबली असती. पंधरा मिनिटांत पंप बदलला असता आणि मग ती कुठेच अडली नसती. पण मग सगळ्यांना कळलं असतं. मी मनात म्हटलं, उतारच तर आहे, जाईल. मधे एक चढ आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उभा राहिलो. चहाही प्यायलो. याची मला आजही लाज वाटते.

०६५५ ला रेडिओवर मेसेज आला.

"गाडी बंद. किलोमीटर नऊ, चढावर. पेशंट सीरियस. ओव्हर."

मी जोंगा काढली. तिचा पंप उत्तम होता. ०७२० ला पोचलो. पेशंट उघड्या जोंगात घ्यायचा की पंप बदलेपर्यंत थांबायचं? ॲम्ब्युलन्ससोबतचे पलटणीचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "थांबायला वेळ नाही. उचला." दोन ब्लँकेटं, ऑक्सिजनचा सिलेंडर, वर आभाळ. गाडीला अजून कागदी फुलं होती. महादेवने मला ओळखलं.

"उस्ताद, तुमी आला व्हय? आता न्हाई थांबायची गाडी," तो म्हणाला.

गाडी थांबली नाही. पण हॉस्पिटल सहा किलोमीटर राहिलं असताना, ०७४५ ला, महादेव गेला.

परत येताना मी एकट्यानेच चढावर थांबून पंपांची पुन्हा अदलाबदल केली. आता ॲम्ब्युलन्स ठणठणीत होती. चौकशीत सांगितलं, "थंडीने पेट्रोल अडलं असेल, सर." त्यांनी तसंच लिहून घेतलं. मी तातडीने गाडी घेऊन धावलो म्हणून युनिटने महादेवच्या घरी पाठवलेल्या पत्रात माझं नाव घातलं. तेव्हापासून त्याच्या गावात दर वर्षी त्या दिवशी शाळेसमोर कार्यक्रम होतो. पाहुणा मी. महादेवची बायको, शालनवहिनी, स्वतःच्या हाताने मला शाल आणि नारळ द्यायची. मी मान खाली घालायचो. लोक म्हणायचे, किती विनम्र माणूस!

डॉक्टर रुमाल घेऊन गेले त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती. मी रबरी कापडातून पडदा स्वतः कापला. सहा वेळा बिघडला, सातवा जमला. ऑगस्टमध्ये इंजिन चालू झालं आणि पहिल्या हाकेला ओ दिल्यासारखं चालू लागलं. डॉक्टरांनी मला हातच जोडले. गाडी बांधून झाल्यावर टप उघडून म्हणाले, "पहिले तुम्ही बसा." मी बसलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

त्याच महिन्यात महादेवचा दिवस आला. या वेळी मी कार्यक्रमाच्या दोन तास आधीच वहिनींच्या घरी पोचलो. त्या ओसरीवर हार ओवत होत्या. मी सगळं सांगितलं. वेळांसकट सांगितलं, कारण मला तसंच येतं.

त्यांनी हार पुरा ओवून गाठ मारली. मग विचारलं, "गाडी निगाली तवा तुमी हितं-तितं कुटं न्हवता ना? तितंच उबं व्हता?"

"तिथंच होतो."

"आन बोलला न्हाई."

"नाही बोललो."

"त्ये पंपाचं मला काय कळत न्हाई, भाऊजी. त्ये चुकलं म्हनीन मी. पन तुमी गप बसला. आन वर दरसाली माज्या हातनं शाल घेतली."

त्या उठल्या. "आला हायसा तर चला कार्यक्रमाला," एवढंच म्हणाल्या.

शाळेसमोर सरपंचांनी माझं नाव घेऊन खुर्चीकडे हात केला. वहिनी पुढे झाल्या. "पाव्हणं आज खाली बसत्याल," त्या म्हणाल्या आणि सतरंजीकडे बोट दाखवलं. का, ते कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी शेवटच्या ओळीत जाऊन बसलो. मग मुख्याध्यापकांनी नाव वाचलं आणि सगळे उभे राहिले. मीही राहिलो.

लान्स नाईक महादेव वाघमोडे. वय एकोणतीस. रजेवरून परतल्याचा पाचवा दिवस. त्याला वेळेत खाली नेता आलं असतं.