डोमाजीचं बी

आमची पोस्ट बर्फात होती. माणसं अकरा, स्टोव्ह एक. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर, ०७०० ला चहा, ०८०० ला टेलिफोनची लाइन चेक. मी तेव्हा लान्स नायक. माझा बडी, म्हणजे जोडीदार, नायक प्रभाकर, भिवापूरकडचा. मी नागपूर शहरातला, आता हुडकेश्वरला राहतो. अकरा जणांत विदर्भाचे आम्ही दोघंच. आमची बोली बाकीच्यांना कळत नसे, त्याची आम्हाला भारी मजा वाटे.

प्रभाकरकडे सांगायला एकच गोष्ट होती, डोमाजीची. डोमाजी म्हणजे त्याच्या खापरपणजोबाचा बाप. नागपुरात रेल्वे आली नव्हती तेव्हा तो वैनगंगेकडून आला. सोबत बायको, एक बैलजोडी आणि मिरचीचं बी. त्यानं जंगल तोडलं, पाण्यासाठी बोडी खोदली, मिरची लावली. एका उन्हाळ्यात घर जळालं, बी जळालं. लेकीच्या सासरी थोडं दिलं होतं तेवढंच वाचलं. तेव्हापासून घरचा कायदा झाला. अर्धं बी घरात, अर्धं घराबाहेर. लेक निघाली तर तिच्या ओटीत, पोरगा फौजेत निघाला तर त्याच्या ट्रंकेत. आणि पेरताना बी सांभाळणाऱ्यांची नावं घ्यायची.

"डोमाजी, त्याचा बकाराम, बकारामचा झिबल, झिबलचा ऋषी, ऋषीचा महादेव म्हणजे माहा बाप, त्याचा मी."

"झालं तुयं रामायण?" मी म्हणायचो. खरं सांगतो, हेवा वाटायचा. मला आजोबाच्या पलीकडचं एक नाव माहीत नाही.

एक दिवस स्वयंपाकाची पाळी माझी होती. मिरची पावडर संपलेली. स्टोव्हच्या वर तारेला फडकं बांधलेलं, त्यात सुक्या लाल मिरच्या. बी ट्रंकेत असेल असं धरून मी त्या तोडल्या आणि वरणाला झकास फोडणी दिली. प्रभाकर लाइन चेकवरून आला, एक घास घेतला आणि थांबला.

"मिरची कोणती टाकली बे?"

"फडक्यातली."

"अरे, बियाची होती ना ते! काहून हात लावला?"

फडक्याच्या घडीत एकच मिरची अडकून राहिली होती. ती त्यानं फोडली, चिमूटभर बी मलमाच्या रिकाम्या डबीत ठेवलं. माझ्याशी बोलणं बंद.

पाचव्या दिवशी फोनवर त्याचा बाप होता. घरात पाणी शिरलं होतं, कोठीतलं सगळं बी कुजलं होतं. "तुयाजवळचं आणजो बाबू. आता तेवढंच हाये." प्रभाकरनं माझ्याकडे पाहिलं. "आणतो ना बाबाजी," एवढंच म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. त्याची सुट्टी मंजूर होती, चार दिवसांनी खाली उतरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी १००० ला प्रभाकरची पॅट्रोल गस्तीला निघाली. जाताना त्यानं डबी माझ्या हातात दिली.

"माह्या खिशात भिजन. तू ठेव. या खेपेले फोडणी नोको देजो."

आणि हसला लेकाचा.

११२० ला पोस्टवरचा रेडिओ सेट बोलला. "अल्फा फॉर ब्राव्हो. बर्फाची स्लाइड आली. दोन माणसं मिसिंग. ओव्हर."

"नावं सांग. ओव्हर," मी म्हणालो.

पहिलं नाव दुसऱ्या एका जवानाचं होतं, तो तासाभरात जिवंत सापडला. प्रभाकर १५४५ ला मिळाला. त्याला उकरणाऱ्यांत मी होतो. हातमोजे कधी गळून पडले, कळलं नाही.

बॉडी घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. गर्दीत डबी द्यायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी बाबाजींच्या हातात ठेवली आणि फोडणीसकट सगळं सांगून टाकलं. वाटलं, म्हातारा आता हाकलून देतो. त्यांनी बी तळहातावर घेतलं.

"किती दिवस नाही बोलला तुयाशी?"

"पाच, बाबाजी."

"त्याच्या मायवर गेला होता तो. माह्यासारखा असता तं महिनाभर नसता बोलला."

मग दोघंही रडलो.

मृगात त्यांनी वाफा केला, बी टाकलं. सुट्टी काढून आलेलो मी बाजूला उभा. त्यांनी नावं घेतली, प्रभाकरपर्यंत आले आणि अडकले. माझ्याकडे वळले.

"पुढं तुयं नाव घे."

"बाबाजी, मी तं तुमचं बी खाल्लं."

"उरलं ते कोणं आणलं?"

वाफा उगवला. आज त्या शेतात उभी असलेली सगळी मिरची त्या एका मिरचीची आहे. अर्धं बी हुडकेश्वरला माझ्या घरी स्टीलच्या डब्यात असतं. बायकोला सक्त ताकीद आहे, त्या डब्याला हात लावायचा नाही.

बाबाजींना आता उभं राहवत नाही. वाफ्याजवळ खाट टाकतो, त्यावर ते बसतात. नावं मी घेतो. डोमाजीपासून सुरू करतो, प्रभाकरपर्यंत येतो. पुढं माझं नाव यायला पाहिजे. तिथं मी पुन्हा प्रभाकरच म्हणतो. बाबाजी ऐकतात, पण कधी टोकत नाहीत.