कोंडाबाईंच्या खळ्यावरचा चिनी नृत्यपट

श्रीगजाननास व वाग्देवीस वंदन करून, कुरुळी येथे पाहिलेल्या एका चिनी नृत्यपटाची हकीकत लिहितो.

वाईहून निघालो तो लेकीच्या भेटीसाठी. पिंपरीस उतरून कॅम्पातल्या दुकानातून नातवंडांसाठी खारी घेतली आणि एस.टी. धरली. मोशीपुढे चाक पंक्चर झाले. कुरुळीपर्यंतची उरलेली वाट पायी चाललो.

जावई माधवराव कारखान्यात कामाला. त्यांच्या युनियनने क्रांतीचा हा नृत्यपट मोठ्या खटपटीने मिळवला होता. पण पडदा लावण्याजोगे एकच सपाट खळे, तेही कोंडाबाईंचे. त्यांचा एकुलता एक मुलगा चीनच्या लढाईत पडलेला. माधवराव म्हणाले, चित्रपट कुठला हे न सांगता विचारू. मी म्हटले, ते योग्य नव्हे.

कोंडाबाई खळे सारवीत होत्या. मी सर्व सांगितले. त्यांनी हातातला शेणाचा गोळा खाली ठेवला. मग त्यांनी गोष्ट काय, ते विचारले. जमीनदाराच्या छळातून पळणाऱ्या मोलकरणीची, असे माधवरावांनी सांगितले.

“पोरगी सुटती का?”

“सुटते, मावशी.”

“मग दावा. पर खळ्यावर पायताण आणायचं न्हाई. धान्याची जागा हाय.”

अंधार पडताच माणसे जमली. सर्वांच्या चपला बांधावर राहिल्या. नाटकाआधी रंगपूजा करतात तशी मी पडद्याची पूजा केली, नारळ वाढवला. ती मुलगी पायाच्या अंगठ्यांवर उभी राहून नाचे. मुखातून शब्द नाही, तरी हात जाई तेथे दृष्टी जाई. आपल्या नाट्यशास्त्राला ते परके वाटले नसते. चाबूकवाला दिसताच मागून कोणी म्हणाले, “आपला मुकादम तिकडं कधी गेला, राव?” हशा पिकला. मुलगी रानात निसटली तेव्हा बायकांनी सुस्कारा सोडला, कोंडाबाईंनीही.

मग तांबडे निशाण घेऊन सैनिक आले. माधवराव व त्यांचे सोबती टाळ्या वाजवू लागले. दुबळ्यांची फौज उभी राहते, हेच त्यांना गावाला दाखवायचे होते. कोंडाबाई उठल्या. त्यांची सावली पडद्यावर, त्या सैनिकांच्या मधोमध पडली.

“माधवा, पायताण घालून आलेत हे. बंद कर.”

“मावशी, ते पडद्यावर हायेत,” कोणी समजावले.

“आन् पडदा कुणाच्या खळ्यावर हाय?”

माधवरावांनी माझ्याकडे पाहिले.  मग त्यांनी स्वतःच यंत्र बंद केले. घरी येताना एवढेच म्हणाले, “अण्णा, खरी गोष्ट पुढेच होती.”

परतीच्या दिवशी कोंडाबाई भुईमुगाच्या शेंगा घेऊन थांब्यावर आल्या. पदराची गाठ चाचपत त्यांनी माधवरावांना विचारले, “पुढं त्या पोरीचं काय झालं रं?”

“तीही फौजेत गेली, मावशी.”

“तिला आई होती का?”

तेवढ्यात गाडी आली.

त्यांनी दिलेल्या शेंगा वाटेत माझ्या पिशवीत तशाच राहिल्या. अन्यायातून सुटणे पुण्याचेच, असे मी आजवर निःशंक मानीत आलो, आजही मानतो. पण सुटून गेलेल्याची वाट पाहणाऱ्या कोणाचा तरी विचार त्या नृत्यात होता की नाही, हे मला कळले नाही. आम्ही अर्धेच पाहिले.

वाचकहो, आपल्या घरातून जो कोणी दूर गेला असेल, त्याची पादत्राणे पुन्हा आपल्याच उंबऱ्याबाहेर उतरोत. आपल्या कुटुंबाचे कल्याण असो.