दोन डाव्या बाह्या

शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, तसे आमच्या शेजारच्या शिंप्यालाही म्हणत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक पडदा. सकाळी सातला त्यांचं मशीन सुरू होई ते दिवेलागणीनंतरही चालू राही. आठवड्याचे सातही दिवस. रविवारी बायको एकटीच चर्चला जाई. निघताना विचारी, "अहो, आज तरी?"

"शाळेचे गणवेश पडलेत गं. तू जाऊन ये. माझ्या वाटणीची प्रार्थनाही उरकून टाक."

"ती काय बटणं आहेत, मी लावून द्यायला?"

गेल्या थंडीत तिने अंथरूण धरलं. छातीचा आजार होता. मी पाहायला गेलो तेव्हा म्हणाली, "भाऊ, औषधांचा कंटाळा आला. ह्यांनी दहा मिनिटं हात मोकळे ठेवून शेजारी बसावं, एवढंच हवंय." पडद्यामागून ती हाक मारी आणि इकडून ठरलेलं उत्तर जाई, "आलो, एवढी शिवण संपवतो."

एका गुरुवारी दुपारी तिने अशीच हाक मारली. मास्तर 'आलो' म्हणाले, शिवण संपवली, पडदा सरकवला. ती गेली होती.

"पँटचा एकच पाय राहिला होता, भाऊ," ते मला म्हणाले. "एकच पाय."

पाचव्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं आणि सहापासूनच मशीन सुरू केलं. जेवणही मशीनपाशीच. मशीन थांबलं की मागच्या खोलीतून हाक ऐकू येते, असं म्हणत.

त्याच सुमारास चर्चच्या पाळकांनी उपासनेचा काळा झगा शिवायला दिला. ते घालून पाहायला आले तेव्हा मी दुकानातच होतो. डावा हात नीट गेला, उजवा कोपरापाशी अडकला.

"मास्तर, माझे दोन्ही हात डावे आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मास्तरांनी झगा उलटसुलट करून पाहिला. कापड अपुरं म्हणून एकेक बाही वेगळी कापली होती आणि दुसरीच्या वेळी कागदी साचा उलटवायचा राहिला होता. छत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी लगेच टेप गळ्यात अडकवली. "आत्ता कापड आणतो. रविवारच्या आत देतो."

"राहू दे. मी जुनाच घालीन. रविवारी तुम्ही येऊन बसा."

"मी येऊन काय करू? प्रार्थना ती करायची."

"काही करू नका. प्रभूने थकलेल्यांना बोलावलंय ते विसाव्याला. काम तुमच्याकडे पुष्कळ आहे."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. "ती बोलवत होती तेव्हा गेलो नाही. आता कोणत्या तोंडाने येऊ?"

"ह्याच. दुसरं शिवून मिळत नाही."

रविवारी ते आले. ती बसायची त्याच बाकावर, माझ्या शेजारी बसले. वाचन चालू असताना त्यांचा पाय बाकाखाली मशीन चालवत होता. खालची फळी वाजत होती, पुढचे लोक मागे वळून पाहत होते. तिसऱ्या गीतापर्यंत पाय मंदावला, मग थांबला. मास्तरांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्यांना गाढ झोप लागली होती.

मागच्या बाकावरच्या आजींनी उठवायला हात पुढे केला. वेदीपाशी उभ्या पाळकांनी मानेनेच नको म्हटलं आणि आवाज खाली आणून प्रार्थना पुरी केली. उपासना संपली. लोक पावलं न वाजवता बाहेर गेले. पाळक येऊन पुढच्या बाकावर बसले.

बऱ्याच वेळाने बाहेरचा दरवाजा आपटला. मास्तर दचकून अर्धे उभे राहिले.

"आलो," ते म्हणाले. पुढे शिवणीचं काही नाही.

त्यांनी शेजारी पाहिलं, मग रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि खाली बसले. हात गुडघ्यांवर, मोकळे. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ते उचलले नाहीत. दहा मिनिटं तरी झाली असतील. पाळक आणि मी तिथेच बसून राहिलो.