अक्कांची बेंगळूरची अळंबी

अळंबी बघायला चालले म्हटलं की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका हसतात. "बघायला? अहो, दुकानात डब्यात मिळतात की!" हसू देत बापड्या. त्यांनी बांबूच्या बेटातली ती जाळीवाली पाहिलेली नाही. पांढऱ्याशुभ्र जाळीचा घोळदार झगा घालून एकटीच उभी असते, आणि वास असा की जवळपास उंदीर मेलाय. त्या वासाला माशा येतात आणि तिची धूळ पायाला लावून पुढे नेतात. काय डोकं आहे बघा! कुजक्या ओंडक्यावर केशरी कपच्या येतात, एकीवर एक, कोणीतरी हौसेने रचून ठेवल्यासारख्या. शेणावर येणारी तर इतकी नाजूक की सकाळी छत्री असते आणि दुपारी नुसती शाई.

हे मला कोणी शाळेत शिकवलं नाही. रविवारी रानात फिरणारा एक गट आहे, त्यांच्यामागून मी चालत राहिले. कोरमंगलाला पीजीत राहणारी, कॉम्प्युटरवर काम करणारी एक मुलगी त्यात आहे, तिने माझ्या प्रश्नांचा कधी कंटाळा केला नाही. तिनेच दाखवलं, अळंबीची टोपी कापून पांढऱ्या कागदावर उपडी ठेवायची, वर वाटी झाकायची. काही तासांनी उचलली की कागदावर तिच्या धुळीची रांगोळी. कुणाची गुलाबी, कुणाची काळी, कुणाची विटकरी. त्या रंगावरून पुष्कळ काही कळतं. पहिली रांगोळी पाहिली तेव्हा मी ह्यांना झोपेतून उठवून आणलं होतं.

तर सांगायचं ते अक्कांचं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. सगळा जन्म खानापूरकडच्या जंगलाच्या कडेला गेला. यजमान गेल्यावर मुलाने बेळ्ळंदूरला आपल्या फ्लॅटवर आणलं. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण अक्कांचं जेवण सुटत चाललं होतं. ताट पुढे आलं की चार घास, आणि "पुरे गं." सून बिचारी काय काय करून बघायची. एकदा दुकानातली अळंबी आणून केली, तर अक्का म्हणाल्या, "चांगली झालीय. खोडरबर मऊ शिजलंय."

माझ्या मनात आलं, अक्कांना रानातली अळंबी खाऊ घालायला हवी. बन्नेरघट्ट्याच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका अण्णांचं शेत आहे, मागे त्यांचंच थोडं रान. दोन दिवस गडगडून पाऊस झाला होता. मी अण्णांना फोन केला, टॅक्सी केली आणि अक्कांना घेऊन गेले.

रानात शिरल्यावर बाई बदललीच. फ्लॅटमध्ये भिंत धरून चालणारी, इथे काठी टेकत माझ्या पुढे. मुंगीच्या वाटा दाखवते, पाला काठीने असा हलकेच बाजूला करते की खालचा किडाही दचकू नये. आणि मग एक वारूळ दिसलं. वारुळाच्या पलीकडे गवतात पांढऱ्या छत्र्याच छत्र्या.

"आली बघ!" अक्का म्हणाल्या. आवाज असा चिरका झाला की मला भरूनच आलं. "गडगडाट झाला, वारूळ आहे, आणखी काय पाहिजे?"

त्यांनी ओटी पसरली. मीही तोडायला वाकले आणि माझा हात थबकला. वारुळाच्या अळंबीचा देठ खाली लांबच लांब मुळासारखा जमिनीत जातो, ओढायला जोर लागतो. ही पटकन हातात आली. देठावर बांगडीसारखं कडं. टोपीवर मध्यभागी तपकिरी खपल्या.

"अक्का, ही आपली वाटत नाही हो."

"बेंगळूरात राहून तू अळंबीची पंडितीण कधी झालीस गं?"

"देठ बघा की स्वल्प."

"माझं अर्धं आयुष्य अळंबीत गेलं. तुझं कुंडीतल्या कोथिंबिरीत."

आता थोरल्या नणंदेला काय बोलायचं? बरं, त्यांच्या तोंडावर किती दिवसांनी तेज आलेलं. पण रात्री ताटावर बसणार होते त्यांचा मुलगा, सून, नात. गवतात येणारी अशी एक पांढरी अळंबी पोटातलं सगळं बाहेर काढते, दवाखाना गाठायला लावते, हे मला ठाऊक होतं. परतताना टॅक्सीत मी म्हटलं, "शिजवा, पण आधी एक टोपी कागदावर ठेवू, रविवारच्या गटातल्या त्या पीजीतल्या पोरीने शिकवलंय तशी. वारुळाची असेल तर धूळ गुलाबी पडेल. संध्याकाळपर्यंत थांबायचं."

"ठेव बाई. तुझी हौस होऊ दे."

घरी आल्यावर सुनेच्या प्रिंटरमधला कागद घेतला, टोपी उपडी घातली, वर वाटी. अक्कांनी तोवर खोबरं भाजलं, कांदा भाजला, धणे-मिरे घालून वाटण केलं. घरभर तो वास. नात दोनदा येऊन विचारून गेली, "अज्जी, झालं?"

दिवेलागणीला अक्कांनी स्वतः वाटी उचलली. कागद खिडकीशी नेला, चष्मा वर केला, डोळ्यांजवळ धरला.

रांगोळी हिरवी होती. जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढते तशी मळकट हिरवी.

तीच ती, पोट बिघडवणारी. बोटाने त्यांनी ती धूळ जराशी पुसून पाहिली.

"आमच्याकडे गं," त्या सावकाश म्हणाल्या, "अळंबी कोणी ओळखतच नाही. जागा ओळखतात. सासूने मला जागा दाखवली, दरवर्षी तिथेच जायचं, तिथलंच आणायचं. टोपी उलटी करून बघायची वेळच आली नाही. इथे माझी जागा कुठली? आणि मी आपली वारूळ बघून भुलले."

मला वाटलं, आता रडतील, नाहीतर रुसतील. मी त्यांच्या जागी असते तर दोन्ही केलं असतं. अक्कांनी सगळी अळंबी उचलली, पिशवीला दोन गाठी मारून कचऱ्यात घातली, हात साबणाने घासून धुतले. त्या वाटणात बटाटे आणि वाटाणे सोडले.

जेवायला सगळे बसले. मुलगा म्हणाला, "आई, हे तर बटाटे!"

मी सांभाळून घ्यायला तोंड उघडलं, तोवर अक्काच सुरू झाल्या. "मी चुकले रे. विषारी आणलेली. मामी नसती तर आज सगळे दवाखान्यात असता." आणि देठाचं कडं, खपल्या, हिरवी धूळ, सगळं हातवारे करून सांगितलं. कागदसुद्धा ताटांमधून फिरवला. नात म्हणाली, "अज्जी, किती सुंदर आहे!" अक्का म्हणाल्या, "सुंदर आहेच की. खायची नाही एवढंच."

बोलण्याच्या भरात त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

हात धुताना अक्कांनी मला विचारलं, "तुझी ती पीजीतली पोरगी रविवारी किती वाजता निघते?"