बुरशीच्या पिशवीवरचं कार्ड

गुरुवारी साडेअकराला फोटो काढायला माणसं येणार होती आणि सकाळी सातला चौथ्या ट्रेमध्ये हिरवा ठिपका दिसला. बाजरीच्या दाण्याएवढा. पांढरी बुरशी आपण लावलेली असते, हिरवी हवेतून येते, आणि आली की दोन दिवसांत सगळा ट्रे खाते. मी तोंडाला रुमाल बांधला, अख्खा ट्रे कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, गाठ मारली आणि घंटागाडी निघायच्या आत धावत खाली जाऊन टाकून आले. तीन आठवड्यांची मेहनत गेली. परत आले तर आई ओट्यापाशी उभी.

"लोकांच्या घरात बुरशी लागली की पुसतात," ती म्हणाली, "आणि आमच्या घरात ती नीट लागावी म्हणून कुकर लावतात."

कुकरचं खरं होतं. रहाटणीतल्या आमच्या दोन खोल्यांत लाकडाचा भुसा आणि गव्हाचा कोंडा मी तिच्याच कुकरमध्ये वाफवत होते. भुसा चाकणजवळच्या निघोज्यातून यायचा. तिथं गाड्यांचे सुटे भाग भरायला लाकडी खोकी ठोकणारी एक शेड आहे, त्यांना तो फुकट न्यायला कोणीतरी हवंच होतं. भुसा गार झाला की त्यात अळंबीचं बियाणं मिसळायचं, ट्रेमध्ये पसरायचं, पोटमाळ्यावर अंधारात ठेवायचं. वीसेक दिवसांनी वर दाबलेल्या लोकरीसारखा पांढरा थर धरतो. तो सोलायचा, ग्लिसरीनमध्ये भिजवायचा, वाळवायचा, दाबायचा. मग तो हाताला चामड्यासारखा लागतो. मॉलमध्ये प्राण्यांना न मारता बनवलेलं लेदर म्हणून जे विकतात ते हातात घेऊन नीट बघा. बहुतेक वेळा ते प्लास्टिक असतं, वर पानाचं चित्र छापलेलं. याचा मला संताप येतो, आणि संताप आला की मी पत्रक लिहिते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून लिहितेय. कंत्राटी कामगारांसाठी कंपन्यांच्या गेटवर वाटली, नदीवरच्या फेसाविरुद्ध चौकात वाटली. पण नुसतं "हे नको" लिहून कंटाळले होते. "मग काय हवं" हे हातात धरून दाखवायचं होतं.

म्हणून एक खोली मला हवी होती. पुण्यातल्या एका डिझायनर मॅडमचं प्रदर्शन होतं. त्यात ज्याची वस्तू घेतली जाईल त्याला वर्षभर त्यांच्या प्रयोगशाळेतली एक बंद खोली मिळणार होती. गाळलेली हवा, ठरलेलं तापमान. हिरवा ठिपका नाही, आईचा कुकर नाही. माझी खांद्याला लावायची पिशवी त्यांनी जवळजवळ निवडली होती. राहिला होता फोटो आणि पिशवीला अडकवायचं माहितीचं कार्ड.

गुरुवार निवडला कारण आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, आणि मॅडमना पप्पाही फोटोत हवे होते. पप्पा चाकणला प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहेत. पत्र्याचा दाबलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर लाल खूण करून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पोरीचं काहीतरी चांगलं होतंय एवढंच त्यांना माहीत होतं. एवढंच मी सांगितलं होतं.

मॅडम आल्या, फोटोग्राफर आला. चपला बाहेर काढल्या, आईच्या पोह्यांचं कौतुक झालं. मग फोटोग्राफरनं पप्पांना खिडकीपाशी बसवलं आणि वाळलेला एक तुकडा त्यांच्या हातात दिला.

"काका, दोन्ही हातांनी धरा. आणि जरा ओढा. जोर लावताय असं दिसू दे."

"कशाला ओढू? फाटंल की."

"स्टोरीसाठी, काका. जुने हात, नवं चामडं."

"कसली स्टोरी?"

मी मध्ये पडायला हवं होतं. नाही पडले. मॅडमनी अगदी प्रेमानं मोबाइल काढला आणि कार्डावरचा इंग्रजी मजकूर मराठीत करून सांगितला. पिढ्यानपिढ्या चामड्याचं काम करणाऱ्या घराण्यातली ही मुलगी, तीच परंपरा आता प्राण्यांना न मारता पुढं नेते आहे.

पप्पांनी तो तुकडा खिडकीत ठेवला. उठले, आत गेले. पोह्याची ताटली हातात घेऊन आई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ते बाहेर येणारच नाहीत. आले. हातात कॅलिपर होता. ते माप घ्यायचं साधन त्यांचं स्वतःचं आहे, कंपनीचं नाही. पुन्हा खिडकीपाशी बसले आणि माझा तुकडा मोजायला लागले.

"इथं दोन पॉइंट चार. इथं एक पॉइंट एक." मान वर न करता बोलत होते. "एकाच तुकड्यात एवढा फरक? शिलाई मारली की इथून सुटणार. आमच्याकडं हे गेटबाहेर जात नाही."

फोटोग्राफर हसला. "भारी, काका. पण ते फ्रेममध्ये नको. फार कंपनीवालं दिसतं."

"कंपनीतच आहे मी. मग काय दिसायला पाहिजे मी?"

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. मॅडम म्हणाल्या, फोटो पिशवीचाच घेऊ. घेतला. पप्पांनी त्यांना चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही, जिन्यापर्यंत सोडायलाही गेले. जाताना मॅडम मला हळूच म्हणाल्या, "संध्याकाळी कार्ड छपाईला जाणार. काका जरा टची दिसतात, तू समजाव."

पप्पा वर आले आणि दार लावलं.

"हे तू सांगितलंस त्यांना?"

"हो."

"काय सांगितलंस?"

आता ते लिहिते. आमच्या आजोबांचं गाव सोलापूरकडं. तिथं मेलेली गुरं ओढून नेणं आमच्या लोकांच्या माथी मारलेलं होतं. आजोबा पंधरा-सोळा वर्षांचे असताना आमच्या वस्तीनं ते बंद केलं. गावानं वस्तीला दुकान बंद केलं, गिरणी बंद केली, मजुरी बंद केली. वस्तीनं पुन्हा दोराला हात लावला नाही. आजोबा पिंपरीला आले, आधी बांधकामावर, मग कंपनीत. आमच्या घरात अभिमानानं सांगायची ही एक गोष्ट आहे आणि ती "सोडलं" या शब्दावर संपते. चामड्याचं काम तर आजोबांनी कधी केलंही नव्हतं.

मॅडमच्या पहिल्या मीटिंगला आम्ही सहाजण होतो. "तुझं या मटेरियलशी नातं काय?" असं त्या प्रत्येकाला विचारत होत्या. एकीच्या आजीचा हातमाग निघाला. एकाच्या मामाचं कुंभारकाम निघालं. माझी पाळी आली. मी म्हणाले, "आमच्या घराण्यात चामड्याचं काम होतं." आणि थांबले. कुठं थांबलं की वाक्य लागतं हे मला पत्रकांनी शिकवलंय. लागलं. मॅडमचे डोळे भरून आले. "सोडलं" मी बोललेच नाही. कंपन्या अर्धी माहिती छापतात म्हणून गेटवर ओरडणारी मी.

हे सगळं मी पप्पांना सांगितलं. एवढ्या नीट नाही, अडखळत.

"मला विचारायचंस," ते म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणून नाही विचारलंस."

मी तिथंच मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. मी म्हणाले, कार्डावरची ती ओळ काढा, खोटी आहे. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, यात लाजण्यासारखं काय आहे? तू तर ते अभिमानानं परत मिळवतेयस."

"मॅडम, ते आम्हाला परत नकोय. ते टाकायला आमच्या माणसांनी उपास काढलेत."

"बरं, मग तेच लिहू. आजोबांनी सोडलं, असं. ते तर जास्तच पॉवरफुल आहे."

खरं सांगते, मी डळमळले. हे खरं होतं. हे छापलं असतं तर कोणी खोटं म्हणू शकलं नसतं. आणि खोली मिळाली असती. मी पप्पांकडं बघितलं. ते फोनकडं वाकले, ऑफिसात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मॅडम, नमस्कार. माझ्या वडिलांना पिशवीला लटकवायचं नाही."

"काका, तसं नाही हो…"

"तसंच आहे."

मॅडमना दोष देणं सोपं आहे, आणि थोडा देतेही. पण फोनवर त्या एक गोष्ट सरळ बोलल्या. बुरशीचं चामडं आता बरेच जण करतात, त्यातून एकीला निवडायचं तर लोकांना माणूस लागतो. नुसता भुसा नि कोंडा बघायला कोणी येत नाही. मी म्हणाले, मग भुसा नि कोंडाच लिहा. त्या म्हणाल्या, कळवते.

पाच वाजता मेसेज आला. माझ्या भावनांचा त्या आदर करतात, या वेळी राहू दे, पुढं नक्की काहीतरी करू. खाली हात जोडलेलं चित्र.

मी तो पप्पांना वाचून दाखवला. ते उद्याच्या पहिल्या शिफ्टसाठी बुटांना पॉलिश करत होते.

"म्हणजे खोली गेली," ते म्हणाले.

"गेली."

"माझ्यावर राग आहे?"

"आहे थोडा."

त्यांनी दुसरा बूट उचलला. "असू दे. मला पण आहे."