वर्षावासातलं मशीन

आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायची पद्धत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे, फ्रिजच्या दारावर दुकानातून आली तेव्हाची निळी पट्टी अजून आहे आणि सोफ्याचं कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यावर दुसरं कव्हर आहे. हे सगळं आमच्या ह्यांचं काम. ते एसटीत कंडक्टर होते. फाटलेल्या सीटा आणि खिळखिळ्या खिडक्या बघण्यात अख्खी नोकरी सरली, म्हणून घरातली वस्तू ते नवीकोरी ठेवतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते. फळ्यावर लिहायचं आणि पुसायचं, त्यामुळे मला नवेपणाचं कौतुक नाही. यावरून आमचं पुष्कळदा वाजलेलं आहे.

माझ्या डोळ्यांचं दुखणं हळूहळू आलं. आधी समोरच्या माणसाचं नाक दिसेना, कान तेवढे दिसायचे. मग ओळीतला मधलाच शब्द गायब व्हायला लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय, कडेची नजर राहील, पण चष्मा बदलून आता उपयोग नाही. मी विचारलं, वाचता येईल का? ते म्हणाले, अक्षर खूप मोठं केलं तर येईल, आणि त्यांनी व्हिडिओ मॅग्निफायर नावाच्या मशीनची माहिती दिली. सरकत्या ट्रेवर पुस्तक ठेवायचं, वरचा कॅमेरा ते बघतो आणि समोरच्या स्क्रीनवर अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं.

पेपर वाचता आला नाही म्हणून माझं काही अडत नव्हतं. आमचे हे निधनवार्तांपासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळं मोठ्यानं वाचतात, नको म्हटलं तरी. माझा जीव अडकला होता तो विहारातल्या वाचनात. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्या दिवसांत आमच्या नगरातल्या बुद्ध विहारात रोज संध्याकाळी वंदना झाली की धम्माचा ग्रंथ वाचतात. लग्न होऊन अहमदपूरला आले, त्याच वर्षी सासूबाईंनी मला पांढरी साडी नेसवून वाचायला बसवलं. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, पण सून वाचते म्हणून त्या सगळ्यांच्या पुढं ताठ बसायच्या. तेव्हापासून ती जागा माझी.

गेल्या वर्षी माझ्या ओळी सुटायला लागल्या. ऐकणाऱ्या बायकांना ग्रंथ ऐकून ऐकून पाठ झालेला. ओळ सुटली की सतरंजीवर एकदम शांतता व्हायची, मग कुणीतरी खोकायचं. बोललं मात्र कुणी नाही. त्यांनी तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले तरी असते. यंदा जमलं नाही तर जागा सोडायची, असं मी मनाशी ठरवलं होतं आणि त्याची मला भीती वाटत होती.

लातूरला असलेल्या मुलीनं मशीन मागवलं. आषाढ पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली तेव्हा खोकं घरी पोचलं. तिला सुटी नव्हती, म्हणून फोनवर तिचं तोंड समोर ठेवून ह्यांनी ते जोडलं. ट्रे बसवला, वायर लावली, बटण दाबलं. मी ग्रंथ ठेवला आणि स्क्रीनला नाक लावून बसले. अक्षरं मोठी झाली होती खरी, पण दुधात बुडवल्यासारखी. आणखी मोठी केली तर आणखी पसरली. ट्रे इकडून तिकडे सरकवून माझा हात भरून आला, पण एक शब्द लागला नाही.

"तुम्हाला कसं दिसतंय?" मी ह्यांना विचारलं.

"मला बी धुरकटच दिसून राहिलं," ते म्हणाले. "पण मला चांगलं दिसून कसं चालंल? हे तुझ्या डोळ्यासाठी बनवलेलं हाय. तुझा चष्मा मी लावला तर मला नीट दिसतं का?"

मला ते पटलं. पोरांना विज्ञान शिकवलेल्या बाईला ते पटलं. फोनमधून मुलीला सगळंच धूसर दिसत होतं, त्यामुळे तीही म्हणाली की सवय होईपर्यंत वेळ लागेल. मी सवय करत राहिले. रोज जेवणं आटोपली की बसायचं आणि डोकं धरून उठायचं. शेवटी विहारात निरोप धाडला की यंदा वाचायला दुसरी कुणी बघा, मी खाली बसून ऐकेन. मागच्या गल्लीतली एक सून ठरली. मुलगी गुणी आहे, पण अशी भरधाव वाचते की अर्थाला मागं राहावं लागतं. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

मशीन परत करायचं ठरलं. वायर आणि ट्रेवरचा ग्रंथ काढायचा अजून राहिला होता, खोक्यात घालण्याआधी मी ते फडक्यानं पुसत होते, तेवढ्यात हात लागून ते चालू झालं आणि भलतंच बटण दाबलं गेलं. स्क्रीनवर एक चौकोन आला. त्यात इंग्रजी अक्षरं होती, उजेड कमी-जास्त करायची. सवयीप्रमाणे मान तिरपी करून कडेच्या नजरेनं बघितलं तर ती मला वाचता आली. नीट, काठासकट. मागं ग्रंथाचं पान मात्र तसंच दुधात.

मी खुर्चीवर बसले. डोळे तेच, स्क्रीन तीच. मग एक स्पष्ट आणि एक धुरकट कसं? म्हणजे खोट कॅमेऱ्यात. मी खालून कॅमेऱ्याला बोट लावलं आणि बोटाला प्लास्टिकची एक बारीक उचललेली कड लागली.

"हे काय हाय?" मी ओरडले.

"ते झाकण हाय," हे आतून म्हणाले. "धूळ बसू नये म्हणून राहू दिलं."

"तुम्ही बघितलं होतं?"

"म्याच नीट दाबून बसवलं. सुटून राहिलं होतं."

मी नखानं ते ओढून काढलं. ओरखडा पडेल, ओरखडा पडेल, असं म्हणत ते धावत आले. पण तोवर ग्रंथाचं पान स्क्रीनवर लख्ख उभं राहिलं होतं. पांढऱ्याचा उजेड डोळ्यांत खुपत होता म्हणून रंग उलटे करायचं बटण शोधलं, तर काळ्यावर पांढरी अक्षरं आली. माझा फळाच समोर आला होता. मला रडू आलं आणि ह्यांचा रागही आला, दोन्ही एकाच वेळी. ते बिचारे प्लास्टिकचा तुकडा हातात घेऊन उभे होते. टाकून दिला नाही, खिशात ठेवला.

यंदाही मीच वाचणार, असा विहारात पुन्हा निरोप धाडला आणि पौर्णिमेला मशीन रिक्षातून तिथं नेलं. वायर तोकडी पडली. बटणाचा बोर्ड माझ्या पाठीमागच्या भिंतीला, त्यामुळे टेबल भिंतीला लावावं लागलं आणि मला बायकांकडं पाठ करून बसावं लागलं. इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडाकडं बघून वाचलं होतं. मला ते मुळीच आवडलं नाही. वंदना झाली आणि मी सुरू केलं. एका वेळी स्क्रीनवर तीनचार शब्द मावायचे. ट्रे सरकवायचा, वाचायचं, पुन्हा सरकवायचा. भरधाव सुनेच्या मानानं हे म्हणजे बैलगाडी होती, पण अर्थ सोबत येत होता.

पान संपत आलं तेव्हा ट्रे मागं आणताना हात हलला आणि ओळ सुटली. समोर कुठलेतरी शब्द होते, पण नेमका पहिला माझ्या डागाखाली गेला. मान फिरवली तरी सापडेना. मागं शांतता झाली. तीच गेल्या वर्षीची शांतता. मी खोकल्याची वाट बघत राहिले.

खोकला आला नाही. मागून एक थरथरता आवाज आला, अक्षर अक्षर जोडत. "त्या... दि... दिवशी."

आमच्या गल्लीतल्या थोरल्या आत्या होत्या त्या. साक्षरतेच्या वर्गात मीच त्यांना फळ्यावर अक्षरं शिकवली होती, पण पुस्तकातलं अक्षर त्यांना मुंगीएवढं दिसायचं, म्हणून ते शिकणं सहीपुरतंच राहिलं. आता माझ्या खांद्यावरून स्क्रीन त्यांच्या पुढ्यात होती, आणि अक्षरं चार बोटं उंच. त्या दोन शब्दांनी मला ओळ लागली. मी पुढचं वाचायला तोंड उघडलं आणि ट्रेला हात घातला.

"थांबा बाई," आत्या म्हणाल्या. "सरकवू नका. मला दिसून राहिलंय."

मी ट्रे धरून ठेवला.