इस्माईलचाचांची पावलं

भोरच्या कबरस्तानात नाव कोरलेले दगड मोजून अकरा. बाकीच्यांच्या उशाला नदीतला गोटा. तो दोनचार पावसाळ्यांत मातीत बसतो आणि माणूस कुठं पुरलाय तेच हरवतं. मनमोडी तापाच्या साथीत एका महिन्यात साठ मयती झाल्या, तेव्हा कबरी खोदणाऱ्या इस्माईलनं ठरवलं की हे काही खरं नाही. त्यानं मोडी लिपीत एक वही लिहायला घेतली. 'फाटकापासून सरळ चाळीस पावलं, अय्युब कल्हईवाला.' अशी एकेक ओळ. कोरलेले दगडही काजींकडून वाचून घेऊन उतरवले. पुढं शाळेतल्या मास्तरांनी गावाच्या इतिहासासाठी ती वही नकलून नेली. कुणीही यावं, बापाचं नाव सांगावं, इस्माईलनं पावलं मोजत जावं.

याला तेवीस वर्षं झाली. इस्माईलचे इस्माईलचाचा झाले आणि थकले. सहा वर्षांपूर्वी गुडघा दुखावला तो कायमचाच. यंदाच्या पावसानं उताराची माती वाहून गेली आणि एक गोटा उघडा पडला. त्यावर छोटं पातेलं कोरलेलं होतं. अय्युबच्या बायकोनं सांगितलं म्हणून चाचांनी स्वतःच ते छिन्नीनं काढलं होतं.

चाचांनी फाटकापासून चाळीस पावलं मोजली. दोन कबरी अलीकडंच संपली. पुन्हा मोजली, तरी तेच. मग त्यांची नजर स्वतःच्या लंगड्या पायावर गेली. वही बरोबर होती. गुडघ्यामुळं पाऊल आखूड पडत होतं, एवढं साधं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सहा वर्षं कितीजणांना भलत्याच कबरीवर नेलं, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

अय्युबची बायको बद्रुन्निसा आता वेल्ह्याला भावाकडं राही. दर बकरी ईदला येई. बायका आत जात नसत, म्हणून ती फाटकाशी थांबे आणि चाचा तिची फुलं आत नेऊन ठेवत. आता गुपचूप खऱ्या जागी फुलं ठेवली असती, तर कुणाला कळलं असतं? चाचांच्याही मनात ते आलं होतं, खोटं कशाला बोला.

पण ती आली, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बद्रुन्निसानं हातातल्या फुलांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मग माजी फुलं कुनाला गेली?"

"एक वाटसरू हुता. मनमोडीतच गेला. नाव ठावं न्हाई."

"त्येचं कुनी येतं?"

"न्हाई. कुनीच न्हाई."

तिनं फुलांचे दोन वाटे केले. "ह्ये त्येला. सहा वर्सं दिली, आता बंद कशी करू?"

चाचांनी दोन्ही वाटे रुमालात घेतले. ते म्हणाले, "बाई, आता समदी वही दोरीनं मापाया पायजे. दोनशेवर कबरी हायेत. माज्यानं व्हायचं न्हाई."

"तुमी गेल्यावर कोन सांगनार मग?" ती म्हणाली. "दोरी आना. आत येता येत न्हाई, पर फाटकाशी टोक धरून हुबं ऱ्हाता येतंय की."

चाचांनी विहिरीचा दोर आणला. एक टोक तिच्या हातात दिलं आणि लंगडत आत गेले. पातेल्याच्या गोट्यापाशी, म्हणजे जुन्या चाळीस पावलांवर, त्यांनी दोर ताणून धरला. फाटकाशी बद्रुन्निसानं टोक दोन्ही हातांनी घट्ट पकडलं होतं. माप केव्हाच झालं होतं. तरी दोर सोडा असं चाचांनी लवकर म्हटलं नाही.